रंगखात्याखालची माती

गिरणीच्या आवारात मी पहिल्यांदा शिरले तेव्हा तिथं कमरेएवढं गवत होतं आणि गवतावर फुलपाखरं होती. भोंगा बंद पडून दोन तपं उलटली होती. विणाईखात्याचं छप्पर कोसळलेलं, बॉयलरघराच्या भिंतींतून झाडं वर आलेली, आणि या सगळ्यात चिमणी तेवढी ताठ उभी. मला बोलावणारे पालिकेचे अधिकारी म्हणाले, "बघा, निसर्गानं अर्धं काम केलंच आहे. वरची फूटभर माती काढून टाकली की झालं, नाही का?" एक पट्टा मात्र बोडका होता. गवताचं पातंही नव्हतं. मी वहीत त्याच पट्ट्यावर खूण केली. आम्हा दोघांचंही चुकलं होतं. बोडक्या पट्ट्याखाली खडी आणि राख निघाली, फार गंभीर काही नाही. सगळ्यात वाईट जागा तिथून पन्नासेक पावलांवर होती, आणि तिच्यावरचं गवत अख्ख्या आवारात सगळ्यात हिरवं होतं.

मी भूजलाचं शिक्षण घेतलेली. त्या जागेची तपासणी आणि पुढं साफसफाई, यात माझी आठ वर्षं गेली. आवारात घरं आणि बाग करायची असं गावानं ठरवलं होतं, आणि 'जागा कधी मोकळी करून देता?' हा प्रश्न मला पहिल्या आठवड्यापासून विचारला जात होता.

कापडगिरणी म्हटलं की कापूस, सूत, फार तर धूर डोळ्यांसमोर येतो. पण गिरणीत काय काय आत यायचं त्याची यादी करायला घेतली की पान पुरत नाही. खळीला बुरशी लागू नये म्हणून पेंटाक्लोरोफेनॉल. रंग पक्का करायला बायक्रोमेट, म्हणजे हेक्साव्हॅलंट क्रोमियम, क्रोमियमचं विषारी आणि पाण्याबरोबर वाहणारं रूप. ॲझो रंग, ज्यांतले काही फुटले की बेंझिडीनसारखी कर्करोग करणारी अमाइन्स उरतात. कापडावरचे तेलाचे डाग काढायला आणि यंत्रांचे भाग धुवायला ट्रायक्लोरोएथिलीन, ज्याला कामगार नुसतं 'ट्राय' म्हणत. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी ही क्लोरीनयुक्त विषारी द्रव्यं, वाफेच्या पाइपांवर ॲस्बेस्टॉसचं वेष्टण, जमिनीखाली फर्नेस ऑइलच्या टाक्या, आणि वर्षानुवर्षं खड्ड्यांत भरलेली बॉयलरची राख, तिच्यात आर्सेनिक. यातलं काय कुठं सांडलं, किती खोल गेलं, हे समजल्याशिवाय कुदळ मारायची नसते. कुदळीनंच ते पसरतं.

म्हणून पहिले चार महिने आम्ही कागद वाचले. खरेदीची रजिस्टरं गिरणी बंद होताना रद्दीत गेली होती. हाती लागला तो विमा कंपनीसाठी केलेला जुना नकाशा. अशा नकाशांत तेलाच्या टाक्या, ज्वलनशील मालाची गोदामं, बॉयलर यांच्या जागा फार बारकाईनं दाखवलेल्या असतात, कारण विमा उतरवणाऱ्याला आगीची धास्ती असते. सांडपाण्याची त्याला काही पडलेली नसते. त्यामुळे नकाशात गटारं नव्हती. रंगखात्याचं पाणी नेमकं कुठून बाहेर जायचं, हे त्या कागदांतून कळायला मार्ग नव्हता.

ते सांगितलं रंगखात्यातल्या एका निवृत्त जॉबरनी, म्हणजे मुकादमांनी. आम्ही जुन्या कामगारांना भेटायला बोलावलं तेव्हा फारसं कुणी आलं नाही. जे आले ते जपून बोलत होते. काका मात्र बैठक संपल्यावर काठी टेकत माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "ताई, तुमच्या नकाशात मोरी कुठाय?" दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं आवारात गेलो. छप्पर नसलेल्या, भिंती नसलेल्या त्या जागेत ते असे चालत होते जणू सगळी यंत्रं अजून जागच्या जागी आहेत. इथं कापड रंगवायचं जिगर यंत्र, इथं कढया, इथं वळायचं, इथं पाय घसरायचा. एका जागी थांबून त्यांनी काठी आपटली. सिमेंटचं नवं गटार बांधण्याआधीची विटांची मोरी तिथून जायची आणि तिचं पाणी एका शोषखड्ड्यात उतरायचं. खड्डा पुढं बुजवला, पण आधीची पंधरा-वीस वर्षं सगळं पाणी त्यातच जिरलं होतं. मग ते वर्कशॉपकडं वळले. "वापरलेलं ट्राय आम्ही इथं दगडांवर ओतायचो. उडून जायचं. वास तेवढा राहायचा."

काही उडून जायचंच. उरलेलं खाली जायचं.

त्यांच्या बोटांच्या पेरांवर गोल, खोलगट व्रण होते, जुने, पांढरे पडलेले. बायक्रोमेटमध्ये रोज हात घालणाऱ्यांना असे व्रण होतात आणि बरे व्हायला महिने घेतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पाहिले पहिल्यांदाच. निघताना त्यांनी विचारलं, "हे मी सांगितलं म्हणून माझ्यावर काही येणार नाही ना?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, बाकीचे गप्प का होते. ज्यांच्या हाताला भोकं पडली त्यांनाच वाटत होतं की दोष आपल्या माथी येईल. मी त्यांना सांगितलं की त्या काळी तसं करायलाच सांगितलं जायचं, आणि त्यांचं नाव कुठल्याही अहवालात येणार नाही. नाव आलं नाही. पण त्यांनी काठी टेकलेली जागा आली, आणि पुढचं सगळं काम त्या दोन बिंदूंभोवती उभं राहिलं.

मग बोअर घ्यायला सुरुवात केली. मातीचा गाभा पारदर्शक नळीत अखंड वर येतो आणि टेबलावर आडवा ठेवून तो लांबीनं उभा चिरायचा. वरचा भराव विटा-कोळशाचा, खाली बारीक वाळू, मग चिकणमातीचा थर. शोषखड्ड्यापाशी वाळूत पिवळसर ओल दिसली, आणि क्रोमेटचा तो पिवळा एकदा पाहिला की विसरता येत नाही. वर्कशॉपमागं, त्या हिरव्या गवताखाली, वाळूला काहीच रंग नव्हता. पण बाष्प मोजायचं यंत्र चिरलेल्या गाभ्याजवळ नेलं आणि आकडा चढतच गेला. चिकणमातीच्या अगदी माथ्यावर तो सगळ्यात जास्त होता. ट्राय पाण्यापेक्षा जड, जवळजवळ दीडपट. सांडलं की ते भूजलाच्या पातळीवर तरंगत राहत नाही, पाण्यातून खाली बुडत जातं आणि न झिरपणाऱ्या थरावर जाऊन साचतं. गवताची मुळं तिथवर पोचतच नाहीत, म्हणून गवताला त्याचा पत्ता नव्हता.

एक हिशेब मी बैठकीत फळ्यावर करून दाखवायची. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीनची कमाल मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. एक लिटर ट्रायचं वजन सुमारे १.४६ किलो. ते पूर्ण विरघळलं तर साधारण २९ कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत आणून ठेवतं. आणि इथं तर वर्षानुवर्षं बादल्या ओतल्या गेल्या होत्या. फळ्यावर शून्यं लिहून झाली की लोक शांत व्हायचे.

नमुने घेणं हे कंटाळवाणं, पण सगळं काम त्याच्याच जिवावर उभं असतं. तपासणीसाठी घेतलेल्या विहिरीतून पाणी अगदी संथ उपसायचं, तापमान, पीएच, विरघळलेला ऑक्सिजन आणि विद्युतवाहकता स्थिर होईपर्यंत थांबायचं, मगच भरायला घ्यायचं. ट्रायसाठी ४० मिलिलिटरची काचेची कुपी, काठोकाठ भरलेली. झाकण लावून उलटी धरायची आणि टिचकी मारायची. आत मटारएवढा बुडबुडा दिसला तरी ती कुपी बाद, कारण ट्राय पाण्यातून निघून त्या बुडबुड्यात जातं. क्रोमियमचा नमुना जागेवरच गाळायचा, त्यात आम्ल टाकायचं नाही, आणि २४ तासांच्या आत लॅबमध्ये पोचवायचा. प्रत्येक डबा कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेला, याच्या सह्या.

शिवाय एक कुपी असते शुद्ध पाण्याची. ती कधीच उघडायची नाही. ती लॅबमधून निघते, आमच्याबरोबर दिवसभर फिरते आणि परत जाते. तिच्यात काही सापडता कामा नये. आमच्या दुसऱ्या फेरीत सापडलं. ट्राय नव्हे, त्याचा भाऊ, पर्क्लोरोएथिलीन. त्या फेरीचे सगळे निकाल मी रद्द केले. तीन दिवसांचं काम आणि लॅबचा सगळा खर्च वाया गेला. कारण शोधताना गाडीच्या डिकीत नमुन्यांच्या पेटीशेजारी ब्रेक साफ करायच्या स्प्रेचा डबा मिळाला. त्यात पर्कच होतं. डबा माझ्याच माणसानं ठेवला होता आणि गाडी मी तपासली नव्हती. काही जण म्हणाले, आकडा अगदीच छोटा आहे, चालवून घ्या. पण आम्ही अब्जात पाच भाग मोजत होतो. तिथं 'अगदीच छोटं' असं काही नसतं, आणि एकदा चालवून घेतलं की पुढच्या कुठल्याच आकड्यावर माझा मलाच भरवसा राहिला नसता.

आता खरी अडचण सांगते. याच टप्प्यावर ते काम बिघडता बिघडता राहिलं.

आमच्याआधी एका सल्लागारानं एक आराखडा दिला होता. वर्कशॉपमागच्या भूजलात पोटॅशियम परमँगनेटचं द्रावण दाबानं सोडायचं. परमँगनेट ट्रायचं ऑक्सिडीकरण करतं, कार्बन डायऑक्साइड आणि क्लोराइड उरतं, काही महिन्यांत निकाल. पद्धत चांगली आहे, अनेक ठिकाणी वापरलेली आहे, आणि घाई असलेल्यांना तीच आवडते. पण वाळूतून भूजल वाहत होतं ते शोषखड्ड्याकडून वर्कशॉपच्या दिशेनं. म्हणजे ट्रायच्या भोवतालच्या मातीत क्रोमियमही होतं. त्यातलं बरंचसं आता फारसं घातक नसलेल्या त्रिसंयुजी रूपात गेलेलं, मातीला धरून बसलेलं. जमिनीतल्या सेंद्रिय द्रव्यानं आणि लोहानं इतक्या वर्षांत सावकाश ते काम करून ठेवलं होतं. परमँगनेट त्याचंही ऑक्सिडीकरण करणार होतं. बसलेलं क्रोमियम पुन्हा हेक्साव्हॅलंट होऊन पाण्याबरोबर चालू लागलं असतं.

हे मी तोंडी सांगितलं तेव्हा कुणाला पटलं नाही. म्हणून बरण्यांत करून पाहिलं. त्याच जागेची माती, त्याच विहिरीचं पाणी. काही बरण्यांत परमँगनेट, काहींत नुसतं पाणी. जांभळा रंग आठवड्यागणिक फिका होत गेला, तळाशी मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी साका बसला. पाणी गाळलं. ट्राय जवळपास गेलं होतं. पण गाळलेलं पाणी पिवळं होतं, लिंबाच्या सालीसारखं, आणि नुसत्या पाण्याच्या बरण्या स्वच्छ होत्या. मी त्या बरण्या बैठकीत टेबलावर नेऊन ठेवल्या. मागं बसलेले काका उठून पुढं आले, एक बरणी उजेडात धरली आणि म्हणाले, "हे बायक्रोमेट आहे." पुढं कुणी तक्ता मागितला नाही.

म्हणजे दिशा उलटी हवी होती. ऑक्सिडीकरण नको, क्षपण हवं, म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घेणं नको, देणं हवं. क्षपणानं क्रोमियम बसतं आणि ट्रायमधले क्लोरीनचे अणूही एकेक करून सुटतात, दोन्ही रोग एकाच औषधानं. याचा नमुना जगात होता. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामधल्या एलिझाबेथ सिटी इथं तटरक्षक दलाच्या तळावर १९९६ साली लोखंडाच्या कणांची भिंत जमिनीत गाडली होती, ४६ मीटर लांब, ७.३ मीटर खोल, ०.६ मीटर जाड. तिथंही हीच जोडी होती, क्रोमियम आणि ट्राय. भूजल स्वतःच्या वेगानं त्या भिंतीतून वाहतं, लोखंड गंजतं, आणि गंजताना जे इलेक्ट्रॉन सोडतं ते या दोघांना मिळतात. पंप नाही, वीज नाही. मला ती कल्पना पहिल्यांदा वाचली तेव्हापासून आवडलेली आहे. ज्या गंजण्याला आपण नासाडी म्हणतो तेच इथं काम करतं.

अडचण वेळेची. परमँगनेटवाल्या आराखड्यात वर्षभरात जागा मोकळी होती. आमच्यात किमान पाच-सहा वर्षं. घरांचे आराखडे तयार होते. त्या बैठका फार कडू झाल्या, त्यातलं सगळं लिहीत नाही. आम्हाला वेळ मिळाला तो पिवळ्या बरण्यांमुळे, आणि आवाराच्या उताराकडच्या वस्तीतल्या लोकांमुळे. त्यांनी ठासून सांगितलं की पाणी त्यांच्या घरांखालून वाहतं, तेव्हा ते त्यांना विचारूनच ठरेल.

अशा ठिकाणी पहिली शंका बहुतेक वेळा तिथं राहणाऱ्यांनाच येते. मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न या कातडी कमावणाऱ्या गावात, आपल्या मुलासारखाच रक्ताचा कर्करोग शेजारच्या इतक्या मुलांना का, हे ॲन अँडरसन या आईनं आधी विचारलं. दोन सार्वजनिक विहिरी बंद झाल्या त्या १९७९ साली, पाण्यात ट्राय आणि त्याच जातीची द्रव्यं सापडल्यावर.

आमच्या वस्तीत विहिरीचं पाणी कुणी पीत नव्हतं, नळ होते. पण ट्राय बाष्प होऊन जमिनीतून वर येतं आणि जोत्याच्या भेगांतून घरात शिरतं. आम्ही सगळ्यात जवळच्या घरांच्या फरशीला बोटभर भोकं पाडली आणि खालची हवा तपासली. तीन घरांत ती वाईट निघाली. त्यांपैकी एका घरात पाळणा होता. त्या बाळाची आई माझ्याकडं न बघता म्हणाली, "ताई, आकडा नका सांगू. आज रात्री हिला इथं झोपवू का नको, तेवढं सांगा." माझ्याकडं धोक्याचे जे आकडे होते ते आयुष्यभराच्या श्वासाचे होते, एका रात्रीचे नव्हते. मी तिला तसंच सांगितलं: एका रात्रीनं काही होणार नाही, पण महिनोन्‌महिने असं राहता कामा नये, आणि उपाय याच आठवड्यात होईल. "तुम्ही झोपवाल का तुमचीला?" तिनं विचारलं. मी म्हणाले, खिडक्या उघड्या ठेवून, हो.

उपाय साधा आहे. फरशीतून एक पाइप खालच्या खडीपर्यंत उतरवायचा, तो छपराच्या वर काढायचा आणि मध्ये एक पंखा बसवायचा. पंखा जमिनीखालची हवा ओढून वर सोडून देतो, घराखाली दाब कमी राहतो, त्यामुळे बाष्प घरात न शिरता पाइपनं जातं. पंखा चालू आहे की नाही हे कळावं म्हणून पाइपवर यू आकाराची पारदर्शक नळी असते, आत लाल तेल. ओढ असेल तर एका बाजूचं तेल वर, दुसरीकडचं खाली. दोन्हीकडं सारखं झालं, तर पंखा थांबला. मी ते तिला दाखवलं. तिनं नळीच्या शेजारी भिंतीवर पेन्सिलीनं दोन रेघा ओढल्या.

इमारती पाडणं, ॲस्बेस्टॉस उतरवणं, टाक्या काढणं, यात एक कोरडा हंगाम गेला. कामं मोठी होती, पण त्यांत काही अनपेक्षित घडलं नाही. ॲस्बेस्टॉस ओलं करून काढायचं, दुहेरी पिशव्यांत बांधायचं. ते सगळ्यांना माहीत असतं आणि तसं केलं तर नीट होतं.

खोदकाम शोषखड्ड्याचं आणि वर्कशॉपमागच्या वरच्या थराचं. हातात धरायच्या एक्स-रे यंत्रानं क्रोमियम जागेवरच मोजत खोदायचं, खड्ड्याच्या भिंतींचे आणि तळाचे नमुने लॅबला पाठवायचे, निकाल वाईट आला की आणखी पुढं खोदायचं. काढलेली माती जाड प्लॅस्टिकवर, वरूनही झाकलेली. ट्रकची चाकं बाहेर पडताना धुवायची, ते पाणीही साठवायचं. कुंपणावर धूळ मोजणारी यंत्रं. एका वाऱ्याच्या दुपारी आकडा वर गेला आणि मी काम थांबवलं. ठेकेदार चिडला. दुसऱ्या दिवशी परत तेच झालं, परत थांबवलं.

याच दिवसांत एका तरुण शिक्षिकेनं विचारलं, "ही माती जाते कुठं?" घातक कचऱ्याच्या सुरक्षित भरावात, असं मी उत्तर दिलं. "आणि त्याच्या शेजारी कोण राहतं?" मी नंतर तिथं जाऊन आले. अस्तर होतं, झिरपणारं पाणी गोळा करायची सोय होती, सगळं नियमाप्रमाणे. आणि कुंपणापलीकडं घरं होती. परत आल्यावर मी आराखड्यात बदल केला. ज्या मातीत धोका कमी होता ती बाहेर न पाठवता फेरस सल्फेट मिसळून, म्हणजे तिच्यातलं क्रोमियम बसवून, आवारातच ठेवायची. ट्रक निम्म्याहून कमी झाले. आपली घाण दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकली तर तिला साफसफाई म्हणायला माझी जीभ वळत नाही, आणि तरीही काही ट्रक गेलेच.

लोखंडाची भिंत आम्ही आवाराच्या उताराकडच्या कडेला घातली. वाळूत अरुंद आणि खोल चर खणला तर दोन्ही बाजू ढासळतात. त्या थोपवायला चर गवार गमच्या दाट द्रावणानं भरलेला ठेवतात, त्यातच लोखंडाचे कण सोडतात, आणि मग एन्झाइम घालून तो गम पातळ करतात म्हणजे पाणी वाहू लागतं. पोती उघडली तेव्हा काका तिथं होते. त्यांनी चिमूटभर पूड ओल्या तळव्यावर घेतली, अंगठ्यानं घोळवली. "हा तर छपाईखात्यातला गम," ते म्हणाले. रंग कापडावर पसरू नये म्हणून ते हाच घालायचे. दिवसभर ते तिथंच बसून राहिले आणि द्रावणात गुठळ्या होताहेत असं दिसलं की ओरडून सांगत राहिले, पूड एकदम नका सोडू, धारेनं सोडा. त्यांचं बरोबर होतं.

वर्कशॉपखाली खोलवर, जिथं खोदणं शक्य नव्हतं, तिथं आम्ही सोयाबीन तेलाचं दुधासारखं मिश्रण सोडलं. जमिनीतले जिवाणू ते खातात, ऑक्सिजन संपवतात, हायड्रोजन तयार होतो, आणि तो हायड्रोजन वापरून दुसरे जिवाणू ट्रायमधला क्लोरीन काढतात. ट्रायपासून डायक्लोरोएथिलीन, त्यापासून व्हाइनिल क्लोराइड, आणि शेवटी एथिलीन, जे घातक नाही. अडचण मधल्या पायरीची. व्हाइनिल क्लोराइड ट्रायहूनही वाईट आहे. माणसात कर्करोग करतं हे सिद्ध झालेलं, आणि अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातली त्याची मर्यादा लिटरमागे २ मायक्रोग्रॅम.

दुसऱ्या वर्षी आमच्या विहिरींत ट्राय खाली गेलं आणि डायक्लोरोएथिलीनवर गाडी अडली. मग व्हाइनिल क्लोराइड दिसू लागलं, आणि चार तिमाह्या ते वाढतच गेलं. हे होऊ शकतं हे मला माहीत होतं, मी ते आधीच लिहूनही दिलं होतं. तरी त्या वर्षात माझी झोप उडाली. आपण एका विषाचं दुसरं विष तर करून ठेवलं नाही ना? शेवटच्या पायरीपर्यंत नेणारा मुख्य जिवाणू एका गोत्राचा आहे, डिहॅलोकोकॉइडिस. त्याचा शोध १९९७ साली प्रसिद्ध झाला. आमच्या जागेत तो होता, पण फार थोडा. आम्ही तो बाहेरून आणला. पोलादी पिंपात, ऑक्सिजनचा स्पर्श होऊ न देता, नायट्रोजनच्या दाबानं विहिरीत सोडला. पाचव्या महिन्यात पहिल्यांदा एथिलीन सापडलं. लॅबचा तो कागद मी दोनदा वाचला, मग बाहेर जाऊन उभी राहिले. मधल्या काळात उताराकडं गेलेलं व्हाइनिल क्लोराइड लोखंडाच्या भिंतीनं अडवलं. तिच्या पलीकडच्या विहिरीत ते कधी मर्यादेबाहेर गेलं नाही.

घरं झाली, पण सगळ्या आवारात नाही. शोषखड्डा आणि वर्कशॉपच्या जागी बाग आहे. सिअ‍ॅटलमध्ये १९५६ साली बंद पडलेल्या गॅसच्या कारखान्याची बाग करताना रिचर्ड हाग या उद्यानरचनाकारानं जुने मनोरे तसेच ठेवले होते. बाग १९७५ साली खुली झाली, आणि पुढंही तिथल्या मातीवर पुन्हा पुन्हा काम करावं लागलं. आम्ही चिमणी ठेवली. बागेखाली साठ सेंटिमीटर स्वच्छ माती आहे, आणि त्या मातीखाली भडक नारिंगी जाळी अंथरलेली आहे. ती जाळी कशालाही अडवत नाही. पन्नास वर्षांनी कुणी पाइप टाकायला खणलं तर नारिंगी रंग दिसावा आणि त्यानं थांबावं, एवढ्यासाठीच ती आहे. जमिनीच्या दस्तात विहीर खणायला, तळघर बांधायला मनाई लिहिली आहे.

तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. नायगारा फॉल्समधल्या लव्ह कॅनॉलच्या दस्तातही लिहिलेलं होतं. तिथं १९४२ ते १९५३ पर्यंत सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला, मग ती जमीन एक डॉलरला शाळा मंडळाला दिली, खाली काय आहे याची सूचना दस्तात घालून. वर शाळा झाली, शेजारी घरं झाली. १९७८ साली तिथं आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली. कागद होता, पण घर घेणाऱ्यांनी तो पाहिलेला नव्हता. म्हणून आम्ही बागेच्या दाराशी आवाराचा नकाशा दगडात कोरून लावला. रंगखातं, वर्कशॉप, विटांची मोरी, लोखंडाची भिंत, आणि प्रत्येकाखाली काय उरलं आहे ते साध्या शब्दांत. यालाही विरोध झाला, घरांच्या किमती पडतील म्हणून. मोरीची रेघ काकांनी स्वतः काढून दिली होती. दगड लागला तेव्हा ते नव्हते.

मी दर सहा महिन्यांनी विहिरींचे नमुने घ्यायला जाते. कुपी उलटी धरायची, टिचकी मारायची, बुडबुडा बघायचा. आकडे उतरताहेत, हळू.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी फोन आला. त्या पाळण्यातल्या मुलीचा. ती आता शाळेत जाते. म्हणाली, "मावशी, नळीतलं लाल दोन्हीकडं सारखं झालंय. रेघेपासून हललंय." मी तिला खिडक्या उघडायला सांगितलं आणि माणूस पाठवला. पंखा जळला होता, नवा बसवला. नऊ वाजता तिचा परत फोन आला. आता डावीकडचं खाली आहे आणि उजवीकडचं वर.